टिकल्यांचा तक्ता

शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांचं पिवळं पॅड काढायचं, पेनाचा खटका दोनदा दाबायचा, मान थोडी तिरकी करायची आणि विचारायचं, "कोण? कधीपर्यंत?" समोर कोण आहे, काय चाललं आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. बुलढाण्याला आमच्या ऑफिससमोर रहीमचाचांची चहाची टपरी होती. तिथे पहिल्याच दिवशी त्याने चार चहा सांगितले आणि सवयीने विचारलं, "कधीपर्यंत?" चाचांनी भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उकळल्यावर."

त्याला मी इथे 'तो' म्हणते आहे. समोर 'सर' म्हणायचे, कारण तो आमच्या संस्थेचा प्रकल्प व्यवस्थापक होता. मागे सगळं ऑफिस त्याला 'कधीपर्यंत' म्हणायचं. नाव सांगत नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, तुमच्याकडच्या एखाद्याचं नाव घाला, चालेल.

संस्था आमची लहान. गावाने मागितलेली छोटी छोटी कामं गावाच्याच हाताने करून घ्यायची, कागदपत्रं आम्ही सांभाळायची. आम्ही चौघं गावांमध्ये फिरणारे, एक सलीम ड्रायव्हर आणि एक जीप, एवढाच पसारा. काम हळू चालायचं पण चालायचं. मग वरच्या ऑफिसला वाटलं की आम्हाला शिस्त नाही, आणि पुण्याहून हा आला. माणूस बुटका, आणि काखेत त्याच्यापेक्षा लांब गुंडाळी.

ती गुंडाळी म्हणजे तक्ता. डावीकडे गावांची आणि कामांची नावं, वरती आठवडे, मध्ये चौकटीच चौकटी. प्रत्येक चौकटीत एक गोल चिकटणारा कागद लावायचा. काम अडलं तर लाल, चालू असेल तर पिवळा, झालं तर हिरवा. आम्ही त्यांना टिकल्या म्हणायला लागलो. माझ्या शेजारी बसणारी शोभा म्हणाली, "घरी मले एक टिकली लावायले टाइम भेटत नाही, अन् इथं भिंत सजवून राह्यलो." त्याने ते ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं की दृश्य स्वरूपात माहिती असली की निर्णय लवकर होतात. विनोद या प्रकाराशी त्याची ओळखच नव्हती.

मग शेगावला एका लॉजच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. लक्ष्य कसं असावं? नेमकं असावं, मोजता यावं, गाठता यावं, कामाचं असावं आणि त्याला मुदत असावी. हे पाच गुण त्याने तीन दिवसांत आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतले की मला शाळेतले पाढे बरे वाटू लागले. दुपारी कचोरी खाऊन सगळे पेंगत असताना त्याने प्रत्येकाला स्वतःचं एक लक्ष्य लिहायला लावलं. सलीमने लिहिलं, 'आज दोन वाजता झोपणे.' त्याने ते वाचलं, विचार केला आणि खरोखर शाबासकी दिली. पाचही गुण होते म्हणे त्यात.

त्याचं आणखी एक तंत्र होतं. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. एकदा जीप उशिरा आली. सलीमला उभं केलं. उशीर का झाला? पंक्चर झाली. पंक्चर का झाली? खिळा घुसला. खिळा का घुसला? रस्त्यात पडला होता. रस्त्यात का पडला होता? बैलगाडीतून पडला असेल. आणि तो नेमका आपल्याच चाकात का घुसला? सलीम थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, अल्लाची मर्जी." त्या माणसाने 'मूळ कारण' या रकान्यात ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचा रकाना 'जबाबदार व्यक्ती' असा होता. तिथे त्याचं पेन अडखळलं, तेव्हा आम्ही चौघंही तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालो.

मला त्याचा राग यायचा असं नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला त्याची कीव यायची आणि किळसही. दहा वर्षं मी या जिल्ह्यातली गावं पालथी घातली होती. कोणत्या पाटलाकडे सकाळी जायचं, कोणाकडे चहा नाकारला तर काम बुडतं, हे मला पाठ होतं. आणि हा मला चौकटी शिकवत होता. त्यातून बोलायचा पुस्तकातली मराठी. 'मला असं वाटतं की', 'आपण असं करूया का.' मूळचा अमरावतीकडचा आहे हे त्याच्या अर्जातून शोभाला कळलं होतं, पण त्याच्या तोंडून वऱ्हाडीचा एक शब्द कधी निघाला नाही. आपली बोली गिळून बसलेल्या माणसावर मी काय म्हणून विश्वास ठेवू?

टिकल्यांचा खरा घोळ पुढे झाला. सोमवारी बैठक. ज्याच्या कामासमोर लाल टिकली, त्याने तीन पानांचा फॉर्म भरायचा. काय अडलं, का अडलं, जबाबदार कोण, उपाय काय, कधीपर्यंत. दोन सोमवारांत आम्ही शहाणे झालो. लाल लावली की तीन पानं, हिरवी लावली की चहा. नवीन आलेल्या मुलीलाही मीच हे शिकवलं. तशीही आमच्याकडे 'झालं' आणि 'होणारच आहे' यांत कोणी फारसा फरक करत नाही. जो करतो त्याला लोक खडूस म्हणतात. महिन्याभरात तक्ता हिरवागार झाला आणि तो तक्त्यासमोर हात मागे बांधून, एखाद्या बागायतदारासारखा उभा राहू लागला.

आता किसन आबांविषयी सांगते. साखरखेर्ड्याच्या पुढे आत एक गाव आहे, ते माझ्याकडे होतं. गावाचं स्मशान नाल्यापलीकडे. तिकडे जायला रस्ता नाही. नाल्याच्या काठाकाठाने, काळ्या मातीतून तिरडी न्यायची. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात ती माती माणसाचा पाय धरून ठेवते. आबांची बायको श्रावणात गेली, तेव्हा खांदेकरी घसरले आणि ती खांद्यावरून चिखलात पडली. तिला धुऊन पुन्हा उचलावं लागलं. ते आबांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. ऐंशीच्या घरातला माणूस, छातीचं दुखणं, आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगायचा, "मले वाळल्या रस्त्यानं न्या."

गावात आमची सभा झाली. प्रत्येकाने गावासाठी एक लक्ष्य सांगायचं, चिठ्ठीवर लिहायचं, भिंतीवर लावायचं. आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, मी लिहिलं, 'मी मरायच्या आधी स्मशानाचा रस्ता.' तो पुढे आला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला की लक्ष्य चांगलं आहे, पण त्यात मुदत नाही. तारीख पाहिजे.

"तारीख माह्या हातात नाही, सायब," आबा म्हणाले.

तुमच्या-माझ्यासारखा माणूस तिथे जमिनीत गेला असता. याने पेनाचा खटका दाबला आणि आबांच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'मे अखेर.' मागून कोणीतरी म्हणालं, "मंग आबा, एक जूनले तुम्ही मोकळे." सभा खो खो हसली, आबाही हसले. तो हसला नाही. परत येताना जीपमध्ये मला म्हणाला की पावसाआधी झालं पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

रस्ता दिनकरभाऊंच्या वावरातून जायचा होता. कडेची एक पट्टी सोडायची, बाकी मुरूम टाकायचं काम गाव करणार होतं. दिनकरभाऊ सरळ माणूस. त्या पट्टीवर त्यांनी बियाण्याचा कांदा लावला होता. मी फेब्रुवारीत संमतीपत्र घेऊन गेले तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले की बी निघू द्या, मग सही करतो, मलाही त्याच रस्त्याने जायचं आहे. बी निघणार एप्रिलच्या शेवटी. तक्त्यात सहीची चौकट मार्चअखेरची होती.

मार्चचा शेवटचा सोमवार आला. लाल लावायची म्हणजे तीन पानं, आणि मग त्याचं ते पाच वेळा 'का'. मी विचार केला, दिनकरभाऊ शब्द फिरवणारा माणूस नाही, सही होणारच आहे. हिरवी टिकली लावली, खाली तारीख टाकली, माझी सही केली आणि चहा प्यायला गेले.

हिरवी टिकली लागली की पुढच्या आठवड्यात जेसीबी मशीन लावायची, असा त्याचा नियम होता. मला तो माहीत होता. पण आमच्याकडे ठरलेल्या दिवशी मशीन येते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने मशीनवाल्याला रोज तीन तीनदा फोन करून जीव नकोसा केला होता. मशीन ठरलेल्या दिवशी आली. दिनकरभाऊ त्या दिवशी सकाळी पोरीकडे गेले होते. ते परत आले तोवर कांद्याच्या दोन ओळी, बी भरत आलेल्या गोंड्यांसकट, मातीत गेल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा ते मशीनसमोर उभे होते आणि अख्खं गाव गोळा झालं होतं. "कोणाले विचारून घुसला बे माह्या वावरात?" त्यांनी त्याला विचारलं. चोर म्हटलं. त्याच्या आईवरून शिव्या दिल्या. मी जीपला टेकून चार पावलांवर उभी होते. त्याने वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पडलेल्या गोंड्यांकडे पाहत राहिले.

मग तो दिनकरभाऊंना म्हणाला, "चुकलं माहं, भाऊ."

दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या तोंडून घरची बोली निघाली. दिनकरभाऊ म्हणाले, चुकलं म्हटल्याने गोंड्यात दाणे भरत नाहीत, आणि आता मेलो तरी रस्ता देणार नाही. मशीन परत गेली. मी लाल टिकली लावली असती, तर मेमध्ये सही झाली असती आणि मे अखेर रस्ता. हा हिशेब मी त्याच दिवशी परतीच्या वाटेवर केला होता. कोणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. मला वाटलं, आता आलं. त्याने तीन पानांचा फॉर्म पुढे केला आणि टाइप करायला सांगितलं. काय अडलं, ते त्याने सांगितलं. का अडलं? "खात्री न करता काम सुरू केलं." जबाबदार व्यक्ती? "प्रकल्प व्यवस्थापक." उपाय? "भेटणे." मुदतीचा रकाना रिकामा ठेवायला सांगितला. मी सगळं टाइप केलं, एक शब्द बोलले नाही. काय वाटलं ते खरं सांगते. सुटले असं वाटलं, आणि वर हेही की बावळटाला काही कळलंच नाही. संमतीपत्राची कोरी प्रत त्याच फायलीत होती. फाईल न उघडता त्या माणसाने आजवर एकही फॉर्म भरला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी स्वतःला हेच सांगत राहिले.

मे महिन्यात मी गावात गेले तेव्हा आबांनी मला हाक मारून विचारलं, "तुमचा सायब दर शनवारी येते. दिनकरच्या धुऱ्यावर बसते. बोलत काही नाही. बिमार हाये काय?" मला वाटलं हे त्याचं एखादं नवं तंत्र असणार, याचाही कुठेतरी रकाना असेल. एसटीने साखरखेर्ड्यापर्यंत यायचा, पुढे रिक्षात दाटून बसायचा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन तास बसायचा आणि परत जायचा. पहिल्या दोन शनिवारी दिनकरभाऊंनी त्याला हाकलून दिलं. मग दुर्लक्ष केलं. जूनमध्ये कधीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, असं ऐकलं. मे अखेर उलटून गेली होती. गावातली टवाळ माणसं आबांना चिडवायची. आबा म्हणायचे, "मी थांबतो ना. घाई कोणाले हाये?"

पण श्रावणात आबा गेले.

तो आणि मी, आम्ही दोघं गेलो. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत, पण या गावात नाल्यापर्यंत जातात. चिखल पोटरीपर्यंत होता. दिनकरभाऊ स्वतःच्या वावरात, सोयाबीनमध्ये उभे राहून बघत होते. नाल्याच्या अलीकडे एक खांदेकरी गुडघ्यावर आला आणि हा माणूस धावत जाऊन त्या जागी घुसला. खांदा द्यायचीही अक्कल नव्हती त्याला. तिघं उंच, हा बुटका, तिरडी त्याच्या अंगाला कलली आणि आबांचे पाय कपड्याबाहेर येऊन चिखलाला लागले. आबांच्या मुलीने पुढे होऊन पदराने ते पुसले. एका हाताने तिरडी आणि एका हाताने ते पाय सावरत तो पुढे गेला, आणि त्याचा एक बूट तिथेच मातीत राहिला. मी त्याच्यावर हसायचा प्रयत्न केला. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात केला. जमला नाही.

दोन महिन्यांनी वरच्या ऑफिसने त्याची जागा काढून टाकली. त्या गावाच्या ओळीत त्याने स्वतःच्या हाताने लाल टिकली लावली होती आणि अहवालात ती तशीच गेली. बाकी जिल्हाभरच्या ओळी हिरव्या, आमच्या हिरव्या. तो अमरावतीच्या गाडीने गेला. सगळे स्टँडवर सोडायला गेले. मी दात दुखतो असं सांगून घरी थांबले. त्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे.

दिवाळीनंतर दिनकरभाऊ बुलढाण्याला आले, ऑफिसात बसले आणि सही केलेलं संमतीपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. तो सायब कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, बदली झाली. पुढच्या उन्हाळ्यात गावाने रस्ता केला.

गेल्या पावसाळ्यात त्या गावातली एक ओळखीची म्हातारी वारली, म्हणून मी गेले होते. तिरडी मुरमावरून सहज चालली होती, लोक मागे आपापल्या गोष्टी बोलत होते, कोणाचं पायांकडे लक्ष नव्हतं. दिनकरभाऊ माझ्या बाजूने चालत होते. म्हणाले की तुमचा तो सायब माणूस चांगला होता, पण त्या दिवशी न विचारता मशीन घुसवली, ते काही आजवर समजलं नाही.

"त्यांना सांगितलं होतं की तुमची सही झाली म्हणून."

"कोणं सांगतलं?"

"मी."

ते म्हणाले, "मी त्याले गावासमोर चोर म्हणलो. माय काढली त्याची. पाच महिने धुऱ्यावर बसला तो, पण तुमचं नाव नाही घेतलं."

पुढे खांदेकरी बदलायला थांबले होते. दिनकरभाऊ भरभर पुढे गेले आणि त्यांनी खांदा दिला. मला कोणी बाजूला हो म्हटलं नव्हतं. मी रस्त्यावरून खाली वावरात उतरले आणि नाल्यापर्यंत चिखलातून चालत गेले.